माळेखालची पहिली ओळ

मी बोलतोय, जासईच्या कंटेनर यार्डातला, काळ्या स्क्रीनवरचा चार ओळींचा तक्ता. तक्ता म्हणवून घेतो खरा, पण फळ्यावरचा खडूसुद्धा माझ्यापेक्षा टिकाऊ. दर सेकंदाला माझा प्रोग्राम मला पुसतो, चार ओळी वर जातो आणि त्याच जागी मला पुन्हा लिहितो. बघणाऱ्याला वाटतं, मी निवांत बसलोय, फक्त आकडे बदलतायत. प्रत्यक्षात दिवसभर धावतो आणि पोचत कुठेच नाही.

मला जन्माला घातलं सुचिताने. यार्डातली कॉम्प्युटरची सगळी कामं तीच बघते. आधी प्रोग्राम एकाखाली एक ओळी छापत सुटायचा आणि हवा तो आकडा केव्हाच वर निघून जायचा. "दादा, आता ओळी जागच्या हलणार नाहीत," असं तिने यार्डाचे मालक धनेश यांना सांगितलं, आणि मी अवतरलो.

यार्डात फ्रीजसारखे थंड राहणारे चार कंटेनर असतात. प्रत्येकाला माझी एक ओळ: मालकाचं नाव, माल, तापमान. उणे अठराच्या आसपास असलं की अक्षरं हिरवी, चढू लागलं की लाल. आवाज मला नव्हता. लाल होणं हीच माझी बोंब.

पण ऐट विचारू नका! बाकीचे प्रोग्राम स्क्रीनभर पसारा घालतात, मी मात्र चार ओळींत संसार करतो, याची मला भारी घमेंड होती.

यंदा पहिली ओळ गोजरामावशींच्या कंटेनरला मिळाली. मावशी मोरा बंदरातल्या कोळीण. तिथल्या बायकांनी मिळून पहिल्यांदाच कोलंबी परदेशी पाठवायची ठरवली होती. नारळी पौर्णिमेपासूनची सगळी कोलंबी त्या एका कंटेनरात होती. एकदा बर्फ वितळला की असा माल कोणी घेत नाही.

खंडेनवमीला सकाळपासून यार्डातली यंत्रं धुऊन निघाली. क्रेनला हार, फोर्कलिफ्टला हार. धनेशशेठनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची जाड माळ स्क्रीनच्या वरच्या कडेवरून सोडली. माझी पहिली ओळ तिच्याखाली गडप झाली. मला वाटलं, सत्कार आहे. मी लाजलोसुद्धा.

पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, ही यार्डातली रीत. माणसं प्रसाद घेऊन घरी गेली. आणि मावशींच्या कंटेनरचा प्लग, जो धुताना काढला होता, तो परत लावायचा राहून गेला.

कंटेनरचं मीटर बॅटरीवर चालतं, त्यामुळे मला सगळं कळत होतं. उणे सतरा. उणे पंधरा. पहिली ओळ लाल झाली, पण झेंडूखाली. उरलेल्या तीन ओळी हिरव्यागार, आणि शेठ त्यांच्याकडे बघत समाधानाने चहा पीत होते. मी दर सेकंदाला पुसला जाऊन पुन्हा तितकाच लाल होत होतो, तेही शिस्तीत, जागच्या जागी. इतका शिस्तशीर मूर्ख मी दुसरा पाहिलेला नाही.

दुपारी गोजरामावशी आल्या.

"धनेश, माजी कोलंबी बरी हाय ना रं?"

"एकदम ओके, मावशी. बग ना, सगला ग्रीन हाय."

"मना बारीक दिसत नाय. जरा मोटा कर."

"आज बटनाला हात नाय लावायचा. पूजा झालीय."

"देवाला मी सांगीन काय ता. माजा जीव हाय त्या डब्यात."

शेठनी कान पकडून देवाची माफी मागितली आणि अक्षरं मोठी केली. इतकी मोठी, की माझी एकेक ओळ मावेना आणि तुटून तिच्या दोन झाल्या. चाराच्या आठ झाल्या, पण प्रोग्राम बापडा अजूनही चारच ओळी वर जात होता. वरच्या चार पुसायच्या राहत, त्यांच्याखाली तो मला पुन्हा पहिल्यापासून लिही. दर सेकंदाला माझी पहिली ओळ माळेखालून आणखी खाली येऊ लागली. बघता बघता स्क्रीन तिने भरून गेला. चारचौघांत धोतर सुटावं तशी माझी गत झाली.

"ह्याला काय झाला आता? सुचिताला फोन लावतो," शेठ वैतागले.

"फोन मंग लाव! यो लाल काय हाय? पुरा कोलंबी, कोलंबी लिवलाय!"

शेठनी वाचलं. उणे बारा. ते चप्पल न घालताच पळाले.

प्लग लागला. आकडा थोडा वेळ तिथेच अडून बसला, मग उतरू लागला. मावशी माझ्यासमोर बसून एकवीरेचं नाव घेत होत्या. मी त्यांना शंभरदा तेच ते दाखवत होतो आणि त्या शंभरदा वाचत होत्या. संध्याकाळी कंटेनर उघडून पाहिला. कोलंबी दगडासारखी घट्ट होती.

दसऱ्यानंतर सुचिता आली, माझा पसारा ऐकून खूप हसली. तिने प्रोग्रामला स्क्रीनची रुंदी मोजायला शिकवलं आणि मला एक भोंगाही दिला. मी परत चार ओळींत आलो. घमेंड मात्र बरीच उतरली आहे. माझी भावंडं तुमच्याही ऑफिसात असतील. कधी त्यांचा असा पसारा झाला, तर आवरायची घाई करू नका. आधी काय लिहिलंय ते वाचा.

माल निघायच्या दिवशी मावशी दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. स्वतःच्या नावावर बोट ठेवून त्यांना दाखवत होत्या. तेवढ्यात त्यांचा कंटेनर घेऊन ट्रेलर गेटबाहेर पडला आणि बोटाखालचं नाव मला पुसावं लागलं.

"गेला?"

"गेला, मावशी."

मावशी त्या रिकाम्या ओळीकडे बघून टाळ्या वाजवू लागल्या. माझ्या पुसण्यावर कोणी इतकं खूश झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.