शिवेवर दिलेला माग

“पावलाच्या समोर जाऊ नको, गोदे. जमीन सांगते तेवढंच बोलजो.”

सासरे नत्थुजी, गावची राखण करणारे जागल्या, जाऊन आठ महिने झाले होते. पण ठशांवर नजर ठरली की गोदाबाईला त्यांचा आवाज अजून ऐकू यायचा. चोराचा माग काढायची विद्या त्यांनी सुनेला दिली. लेक, गोदाबाईचा नवरा, पटकीनं आधीच नेला होता. तिनं भुईला हात लावून तो कपाळी नेला, आणि ठसा मोडू नये म्हणून खुराच्या ठशावर टोपली पालथी घातली. मागं काठ्या घेतलेले चाळीस गडी ताटकळत उभे होते.

सातासमुद्रापार कुठंशी लढाई जुंपली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तेव्हापासून वाटा निर्भय राहिल्या नाहीत. आज पहाटे अमरावतीकडे निघालेल्या गाड्या अडवून चार बैल सोडून नेले होते. गाडीवान कुर्बानचं डोकं फुटलं होतं.

माग वर्धा नदीच्या पाण्यात उतरला होता; नदी हीच गावाची शीव.

“झालं!” खुशालराव पाटील गरजले. “पल्याडचेच हायेत. चला रे!”

“पाटील, थांबा. शिवेवर आलेला माग त्यायच्या जागल्याच्या हातात द्या लागते. रीत हाये.”

“तुही रीत काय कुर्बानच्या डोक्याले बांधू? पल्याड ठाणं दुसरं, सायब दुसरा. कोन आयकते आपलं?”

“मागल्या साली बी तुमी असंच म्हनलं होतं.”

पाटलांनी उचललेलं पाऊल मागं घेतलं. मागल्या साली माग न देताच माणसं पाण्यात घुसली होती, आणि पलीकडच्या जागल्याचा, जानरावचा, धाकटा भाऊ काठ्यांखाली गेला होता. त्या दिवसापासून नत्थुजींचं अन्न तुटलं, ते तुटलंच. का, ते एकट्या गोदाबाईला ठाऊक होतं.

तिनं ठशातली मूठभर माती घेतली आणि नदीतल्या रेतीच्या बेटावर जाऊन हाळी दिली. पलीकडे कुऱ्हाडी जमल्या होत्या. त्यांतून जानराव एकटाच आला.

“माग घे, भाऊ.”

त्यानं हात पुढं केला नाही. “मागल्या साली नाई आनला, मंग आज काहून?”

“आज तो हाये म्हनून.”

“अन् तवा?”

“गोदे, जीभ आवर!” पाटील काठावरून ओरडले.

तिनं ओल्या रेतीत पाय रोवले. सोमवारचा उपास, पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

“तवा नव्हता,” ती म्हणाली, दोन्ही काठांना ऐकू जाईल अशी. “माग पान्यापर्यंत आलाच नव्हता. तुहा भाऊ बिनागुन्ह्याचा गेला. माह्या सासऱ्याले माईत होतं. आमच्याच काठ्याईले भेऊन ते बोलले नाई. मीबी नाई बोललो.”

 

जानरावचा हात हळूहळू पुढं आला. त्यानं माती घेतली, वळून आपल्या माणसांना म्हणाला, “माग घेतला मी! बैल आपल्या शिवेत हायेत, जवाब आपुन देऊ. कुऱ्हाडी खाली ठेवा.” मग तिच्याकडे न बघता, “माह्या मायले सांगशीन हे? पार्वताबाई नाव. लोकं तिले चोराची माय म्हन्तात.”

“आजच येतो. तिले सांगितल्याबिगर उपास सोडत नाई.”

दिवस कलता चारही बैल नदीतून अलीकडे आले. दोघं चोर बांधून पलीकडच्या ठाण्यात नेल्याचा निरोपही आला. नदीवर कुणाच्या अंगावर ओरखडाही उठला नव्हता. कुर्बाननं, डोक्याला फडकं बांधलेल्यानं, एकेका बैलाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

माणसं गावाकडे वळली. खुशालराव तिच्यासमोरून खाली मान घालून गेले, आणि चार पावलांवर थांबले.

“पल्याडची धार खोल हाये,” ते म्हणाले. “सांभाळून जाजो, बाई.”

आजवर त्यांनी तिला बाई म्हटलं नव्हतं.

पार्वताबाईचं घर तिला ठाऊक नव्हतं. विचारत विचारत सापडेल, असं मनाशी म्हणत तिनं लुगडं वर खोचलं आणि पाण्यात पाऊल टाकलं.