उंबऱ्याबाहेरचा टॉमी

लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, साहेबांच्या जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला. मग टँकरला सोन्याचा भाव आला आणि मांजरा नदीकाठच्या एकाच विहिरीवर आधी कोणी भरायचं यावरून माणसं एकमेकांची टाळकी फोडू लागली. महानंदाचा नवरा मन्मथ स्वतःचा टँकर चालवायचा; तो तिथंच पहाटेच्या अंधारात तावडीत सापडला. कुणीतरी मागून येऊन त्याच्याच हातातला टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब, हिसकावून घेतला, त्या टॉमीनंच मन्मथची नडगी मोडली आणि टॉमीसकट पसार झाला.

मन्मथ खाटेला खिळला. त्याच्या टँकरवर महानंदाचा धाकटा भाऊ सिद्धलिंग बसू लागला. त्याचंही असंच झालं तर, हा घोर तिला लागला. पण बाई रडत बसणारी नव्हती. एका पंगतीला जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी टाळक्यात हाणताना जरा तरी लाजतो, असं तिचं मत. तिनं दर सोमवारी दिवेलागणीला विहिरीवर एकमेकांशी भांडणाऱ्या दोघा टँकरमालकांना जेवायला बोलावलं. एक दगडोबा, तोंडाचा फाटका. दुसरा महादेवप्पा, तिच्याच लिंगायत समाजाचा, चार भावांत थोरला, गळ्यात लिंग आणि ओठांवर शिवनाम. टॉमीशिवाय तेव्हा कुणी घराबाहेर पडत नसे, म्हणून तिची अट एकच होती: टॉमी उंबऱ्याबाहेर, चपलांपाशी ठेवायचा.

येसर मसाल्याच्या झणझणीत आमटीनं जिभा सैल झाल्या. दगडोबानं महादेवप्पाला आपली जादा क्लचप्लेट दिली. दोघांनी मिळून सिद्धलिंगला विहिरीवर तिसरा नंबर दिला. महादेवप्पा तर जेवण झालं की खाटेपाशी बसून मन्मथचा धड पाय चेपायचा. देवमाणूस, असं महानंदा चारचौघींत सांगायची.

त्या सोमवारी दगडोबा ढोसून आला. ताटात अर्धी भाकरी असताना त्यानं त्या भाकरीवरच पाणी ओतून हात धुतला. महादेवप्पा शेजारी आपलं ताट धुऊन ते पाणी पीत होता; अन्न म्हणजे त्याला शिवाचा प्रसाद. तो भडकला.

"अन्नावर हात धुतोस, भाड्या?"

"तुज्यासारकं ताट धुऊन पिऊ व्हय? लोकांचे नंबर खातोस, त्यो बी प्रसादच का?"

पितळी तांब्या दगडोबाच्या कपाळावर बसला. आमटीत रक्त सांडलं. दगडोबानं झेप घेऊन महादेवप्पाच्या कानाचा लचका तोडला. महादेवप्पा ओरडत सुटला, दारात गेला आणि आपला टॉमी उचलून आला. महानंदानं मधे पडून तो दोन्ही हातांनी धरला. ओढाताणीत मुठीवर चढवलेली सायकलची ट्यूब सरकली आणि खालून हिरव्या इरकल लुगड्याचा काठ दिसला. उन्हात लोखंड भाजू नये म्हणून मन्मथसाठी तिनंच तो बांधला होता.

"ह्यो आमच्या घरचा टॉमी हाय."

महादेवप्पाचे हात सुटले. "अक्का, अंधार व्हता. मला वाटलं, दगडोबाचा माणूस हाय. शिवाची आन!"

तिच्या हातची भाकरी खाऊन यानं स्वतःच मोडलेल्या माणसाचा पाय चेपला होता. महानंदाचं डोकं फिरलं. तिनं टॉमी उगारला आणि त्याच्या नडगीवर घातला. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला.

"अगं, काय पडलं?" मन्मथनं आतून विचारलं.

दगडोबाची उतरली होती. कपाळ दाबत, तिच्या हाताकडं बघत तो म्हणाला, "वैनी, उद्यापासून पहिला नंबर तुमच्या गाडीचा." मग त्यानं विव्हळणाऱ्या महादेवप्पाला पाठीवर घेतलं आणि त्याच्या भावांच्या घराकडं नेलं.

इतक्या पंगतींनी तिसरा नंबर दिला होता. एका घावानं पहिला दिला. बाहेर गाडी पुसणारा सिद्धलिंग हे ऐकून हसतच आत आला.

"अक्का, पहिला नंबर! पहाटं अंधारातच निघतो. दे त्यो टॉमी."

पहाटेच्या त्या अंधारात महादेवप्पाचे तिघे भाऊ उभे असणार होते. सिद्धलिंग टॉमी ओढत राहिला आणि तिची मूठ काही केल्या सुटेना.