गाडी कोण चालवत होतं

अपघाताआधी सगळं विद्यापीठ त्याला ‘रॉकेट’ म्हणायचं. गाडीवर वसतिगृह ते ग्रंथालय दीड मिनिटात, तेही मोबाइलवर बोलत, अशी त्याची ख्याती. आता एक पाय दोन इंच आखूड झाला होता आणि दर वर्षी रस्ता सुरक्षा सप्ताहात त्याला भाषणाला उभं करायचे.

आजही त्याने सभागृह चिडीचूप केलं. “चष्मिस माझा जिवलग मित्र. त्या दिवशी हट्टाने गाडी त्याने घेतली. मी मागून ओरडत होतो, हळू चालव...” इथे त्याचा गळा बरोबर दाटून यायचा.

खरं तर गाडी रॉकेटच चालवत होता. हे खोटं मामाने इस्पितळातच त्याच्या कानाशी लागून पढवलं होतं. “गेलेल्याला काय फरक पडतो? तुझं अख्खं आयुष्य पडलंय पुढे.” पहिल्या वर्षी बोलताना तोंडाला कोरड पडली होती. तिसऱ्या वर्षी सवय झाली.

टाळ्या झाल्या. पोरं बाहेर पडली आणि तिघं-तिघं एका गाडीवर बसून भुर्रकन निघालीसुद्धा.

शेवटच्या रांगेतून चष्मिसचे वडील आले. शिंपीकाम करून पाठीत वाकलेले. दर वर्षी यायचे, ऐकायचे, न बोलता जायचे.

“त्याला गाडी येत नव्हती रे,” ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नाही. “डोळ्यांपायी मीच कधी हात लावू दिला नाही. पोलिसांना सांगितलं, तर म्हणाले, मित्रांकडून शिकला असेल.”

“काका, मी... मीच...”

“मला नको सांगूस. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मंचावर जाऊन सांग. आपल्या पोराने दुसऱ्याच्या पोराला अधू केलं म्हणून त्याची आई तीन वर्षं लोकांपासून तोंड लपवतेय.”

ते वळूनही न बघता निघून गेले.

रॉकेट पाय ओढत मंचावर चढला. माइक अजून चालूच होता. दहा-बाराजण रेंगाळत होते. त्याने माइक हातात घेतला, तसा स्वतःचाच श्वास त्याला सभागृहभर ऐकू आला. चार-दोन माना वळल्या.

“काही राहिलं का रे?” खुर्च्या आवरणाऱ्या मॅडमनी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “हेल्मेट घालून जा सगळे, एवढंच.”

मॅडम कौतुकाने हसल्या. पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच लिहून घे म्हणाल्या.

त्याने ती लिहून घेतली.