कुटीवरचा पंचनामा

सहा किलोमीटर रानातून चालायला माणसाला नवस तरी असावा लागतो, नाहीतर त्याचं डोकं तरी फिरलेलं असावं लागतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. माझ्याकडे मुलगी होती.

स्वरूपा तिचं नाव. बारामतीच्या शेतकी कॉलेजची पदवी, वर्गात दुसरी. माळेगावात आमचा अठरा एकर ऊस, कारखान्याचं सभासदत्व वडिलांपासूनचं, गावात कुठलाही पंचनामा झाला तर पंच म्हणून पहिली सही माझी. अशा घरातली ही पोरगी परीक्षा देऊन वनरक्षक झाली. म्हणजे खाकी कपडे घालून बाभळी राखायच्या. इंदापूर तालुक्यात निरवांगीच्या पुढे, नीरेच्या काठाकाठाने खात्याचं रान आहे. तिथल्या संरक्षण कुटीत ती फेब्रुवारीपासून मुक्कामाला होती, कारण गवत वाळलं की आगीचा हंगाम सुरू होतो म्हणे. आमच्याकडे लग्नाचा हंगाम असतो, ऊसतोडीचा असतो. आगीचा हंगाम मी पहिल्यांदाच ऐकला.

रविवारी तिला बघायला फलटणकडचे पाहुणे येणार होते. याआधी दोन स्थळं तिने 'सुट्टी नाही' म्हणून परत घालवली होती. तिसऱ्यांदा तसं झालं असतं तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. कुटीवर फोन लागत नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी मीच निघालो. तिला सोबत घेऊन यायचं आणि जमलं तर राजीनामाही लिहून घ्यायचा, एवढं पक्कं ठरवून.

"अप्पा, याला ट्रेक म्हणत्यात," गाडीची किल्ली देताना माझा मुलगा ऋषिराज म्हणाला. "पुण्याची लोकं हौसेनं करत्यात."

"पुण्याची लोकं काय बी हौसेनं करत्यात," मी म्हणालो.

निरवांगीच्या पुढे एका वस्तीवर रस्ता संपला. बोलेरो लिंबाखाली लावली. कुटीवरचा वनमजूर गेणू रोज सकाळी दूध न्यायला तिथे येतो, असं वस्तीवरच्या बाईने सांगितलं, आणि तो किटली घेऊन उभाच होता. धनगराचा माणूस, पन्नाशीचा, पायात टायरच्या चपला. शर्टाचा रंग मूळचा कोणता, हे तोही सांगू शकला नसता. एकोणीस वर्षं रोजंदारीवर आहे आणि कायम होण्याची वाट बघतोय, हे त्याने पहिल्या शंभर पावलांतच सांगून टाकलं. एकोणीस वर्षं एकाच दारात उभं राहणाऱ्या माणसाबद्दल मला कधी दया येत नाही. कीव येते.

"मॅडमचं वडील म्हंजी तात्या तुमी आमाला देवमाणूस," तो म्हणाला.

"पाय उचल," मी म्हणालो.

वाट नदीच्या कडेने होती. वाट म्हणायची इतकंच, शेळीसुद्धा तक्रार करेल अशी. एका बाजूला नीरेचे डोह, पाणी हिरवट आणि संथ, वरून करंज आणि जांभळी वाकलेल्या. दुसऱ्या बाजूला बाभळी, बोरी आणि कमरेएवढं पिवळं गवत. उन्हात सगळं चकाकत होतं, हे मी कबूल करतो. पण चकाकून काय उपयोग? नदीकाठची असली काळी जमीन, हाताशी पाणी, आणि त्यात उगवलंय काय, तर कुसळं. मला एकरी साठ टन ऊस दिसत होता. मी तसं बोलूनही दाखवलं.

"मग हरणानं कुठं जायचं तात्या?" गेणू म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. तो खरोखरच विचारत होता, म्हणून जास्त चीड आली.

दर पंधरा मिनिटांनी तो थांबायचा. एकदा ओल्या मातीतला ठसा दाखवला. "हितनं लांडगी गेली, पिल्लं घिऊन." चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही व्याह्यांचा मुक्काम कळला. एके काळी याच लोकांची मेंढरं लांडगे खायचे, आता पोटासाठी हा लांडग्यांची खबर ठेवतो. पुढे एका मोकळ्या पट्ट्यापाशी थांबला. दहा हात रुंद, गवत खरवडून काढलेला, सरळ रेघेत नदीपासून टेकाडापर्यंत गेलेला.

"ही जाळरेषा. आग हितं आली की थांबती. मॅडमनी आन् आमी मिळून काढली. मॅडमच्या हाताला फोड आलं हुतं."

अठरा एकराच्या मालकाची पोरगी खुरपं घेऊन सरकारी गवत खरवडते. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणालो आणि पुढे झालो.

दोन तास झाले. गुडघे बोलायला लागले होते. कुटीचा पत्रा पलीकडे झाडीतून दिसत होता, पण मधे गवताचा मोठा पट्टा होता. त्याच्या कडेला तारेचं कुंपण, आत छातीएवढी रोपं. गेणूने किटली सावलीत ठेवली आणि पाठीवरचा रिकामा कॅन काढला. "जरा बसा तात्या. डोहातनं पाण्याचा कॅन भरून घितो. गवातात एकलं शिरू नका. घोणशी लई हायती."

तो उतारावरून दिसेनासा झाला आणि खरंच चार हातांवर गवत हललं. घोणस होती, जाड, सुस्त, कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसणारी. मी ऊसवाला माणूस आहे. घोणस मला नवी नाही. आमच्याकडे तोडणी झाली की फडात उसाच्या वाळल्या पाल्याचं गुडघाभर पाचट पडतं, त्यात ही जात हमखास असते. वारा बघायचा, कडेला काडी लावायची. दहा मिनिटांत रान साफ, साप पसार. पाडव्यापर्यंत आमच्या प्रत्येकाच्या खिशात काडेपेटी असते, विडी न ओढणाऱ्याच्याही. स्वरूपा कॉलेजात असताना मला शिकवायची, अप्पा, पाचट जाळू नका, कुजवा. चाळीस वर्षं ऊस काढणाऱ्याला शिकवायची.

मी वारा बघितला. वारा नदीकडे होता. मग काय बिघडणार होतं? काडी ओढली आणि गवताला लावली.

फडाच्या चारही बाजूंना पाट असतो, बांध असतो. आग तिथवर जाते आणि मरते. इथे बांध नव्हता, आणि जी काही दहा हात रुंद रेघ होती ती मीच मागे टाकून आलो होतो. आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. ऊन चढलं की नदीच्या खोऱ्यात वारा फिरतो. तो फिरला. ज्वाळा माझ्या उंचीची झाली, कुंपणाकडे वळली आणि कडकड आवाज सुरू झाला.

मी ओरडलो नाही. खरं सांगायचं तर मी मागे सरकलो.

गेणू डोहातून धावत वर आला. त्याने एकदा आगीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पाण्याचा कॅन तसाच टाकून करंजाची फांदी मोडली. कुटीकडून स्वरूपा आणि तिच्यासोबत कुटीवर राहणारी मनिषा, दोघी धावत आल्या. हातात हिरव्या फांद्या, तोंडाला ओले रुमाल. स्वरूपाने मला पाहिलं, पण थांबली नाही. "मागून मारा, वाऱ्याला पाठ करून!" एवढंच ओरडली, ते गेणूला. पाऊण तास त्या तिघांनी आग झोडपली. मी एक फांदी उचलली होती. पण मी झोडपलं की ठिणग्या उडून पुढचं गवत पेटत होतं, तेव्हा मनिषा म्हणाली, "काका, तुम्ही बाजूला थांबा." माळेगावात मला बाजूला थांब म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मी थांबलो.

आग विझली तेव्हा कुंपणाच्या आतली दोनशेवर रोपं काळ्या काड्या झाली होती. तीन उन्हाळे खांद्यावरून पाणी घालून जगवलेली, हे मला मनिषाकडून कळलं. गेणू त्या काड्यांमधे उकिडवा बसला होता आणि एकेक काडी हलवून बघत होता, एखादीत ओल आहे का म्हणून. कोणाचं मूल गेल्यासारखा बसला होता. मला वाटलं, झाडंच तर आहेत. मग मी स्वरूपाचे भाजलेले हात पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

कुटी म्हणजे एक दगडी खोली, वर पत्रा, आत दोन खाटा, एक टेबल, भिंतीवर नकाशा. स्वरूपाने तोंड धुतलं, आम्हाला पाणी दिलं, मला आधी, आणि टेबलामागे बसून कागद काढला.

"अप्पा, एवढ्या लांब कशाला आलात?"

"परवा पाव्हणं येणार हायेत. तुला न्यायला आलोय."

"ते नंतर बघू." तिने पेनाचं टोपण काढलं. "आग कशी लागली?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून गेणू म्हणाला, "माज्याकडनं लागली मॅडम."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"तुमच्याकडनं?" स्वरूपा म्हणाली. "कशी?"

"विडी टाकली."

"गेणूमामा, तुम्ही तंबाखू खाता. विडी कधीपासून ओढायला लागलात?"

"आजच," तो म्हणाला, आणि खाली बघितलं.

"हे लिहिलं तर तुमचं काम जाईल. एकोणीस वर्षं पाण्यात जातील. माहीत आहे ना?"

"व्हय. पर तात्या तुमचं वडील हायती. पैल्यांदाच आल्यात."

स्वरूपा माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं, मी दुप्पट चढवला असता.

"अप्पा, तुम्ही तिथेच होता. आग कुणी लावली?"

मी गावात भल्याभल्यांचं खोटं पकडलंय. समोरच्याचं तोंड बघून सांगतो, हा लबाड आहे म्हणून. आता मला एकच शब्द बोलायचा होता, 'मी'. तो बोललो असतो तर काय झालं असतं? गुन्हा नोंद झाला असता, दंड झाला असता, पेपरात बारीक अक्षरात नाव आलं असतं. फलटणकरांनी वाचलं असतं. माझ्या डोक्यात फलटणकर होते. दारात उभा असलेला माणूस माझ्या डोक्यात नव्हता.

"मला काय म्हायती," मी म्हणालो. "मी सावलीत बसलो हुतो."

तिने कागद जवळ ओढला. मग लिहायला लागली. तिचं अक्षर लहानपणापासून सुंदर. समोरून उलटं दिसत असूनही मला सगळं वाचता येत होतं. दिनांक, वेळ, जळालेलं क्षेत्र, रोपांची संख्या. आणि मग: 'अज्ञात इसमाने आग लावल्याने'.

"मॅडम, माजं नाव…" गेणू म्हणाला.

"गेणूमामा, तुम्ही खोटं बोललात. खरं कोणी सांगितलं नाही तर असंच लिहायचं असतं." तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "पंच म्हणून दोघांच्या सह्या लागतात. वाचून बघा. काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा, मी खोडून नव्याने लिहीन."

तिने पेन पुढे धरलं. घाई केली नाही. बाहेर मनिषा बादल्या घासत होती, तिची एक बादली घासून झाली तरी स्वरूपाचा हात तसाच पुढे होता. माझी मुलगी मला जेवढा वेळ देता येईल तेवढा देत होती, हे मला कळत होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी पेन घेतलं आणि नेहमीची, खाली दोन रेघा ओढलेली सही केली. गेणूने माझ्या सहीखाली आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर, जीभ दातात धरून.

स्वरूपाने कागद घडी घालून फाइलमधे ठेवला.

"रविवारचं काय?" मी विचारलं. मला गप्प बसता आलं नाही.

"आईला सांगा, मी येणार नाही." ती उठली आणि भिंतीवरची टोपी घेतली. जळालेल्या पट्ट्यावर तिला परत जायचं होतं, गवताची बुडं अजून धुमसत होती. दाराशी ती गेणूला म्हणाली, "मामा, ऊन उतरायच्या आत यांना गाडीपर्यंत सोडून या."

'यांना' म्हणाली. 'अप्पांना' असं नाही म्हणाली.

परतीच्या वाटेवर गेणू पुढे चालत होता. एकदाही ठसा दाखवायला थांबला नाही. मी दोनदा त्याला हाक मारणार होतो, पण दोन्ही वेळा नुसता पाय उचलला.