दिवा का लागला नाही, हे ठाऊक असलेला स्विच

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. गिअरबॉक्सच्या कुशीला बसवलेला, तुमच्या अंगठ्याएवढा. मागे जाण्याचा गिअर टाकला की माझे टोक दाबले जाते, माझ्या दोन तारांतून वीज धावते आणि मोटारीचा मागचा पांढरा दिवा लागतो. तो दिवा मी कधीच पाहिला नाही. माझ्या वाट्याला काळोख, तेल आणि चिखल.

रोडोपीच्या डोंगरातल्या एका खेड्यात मी वेल्कोआजोबांकडे राबलो. त्यांची बायको स्तामेना लहानपणीच्या तापात बहिरी झालेली. दोघे हातांच्या खुणांनी बोलत. त्यांचे अंगण चढाचे. आजोबा गाडी मागे घेत, तेव्हा चाकाला दगड लावायला ती मागे उभी राही. इंजिन तिला ऐकू येत नसे. पांढरा दिवा लागला की ती बाजूला होई.

एकदा क्लच बदलताना गॅरेजवाल्याला माझी जोडणी सुटेना. त्याने सरळ पक्कड लावून दोन्ही तारा कापल्या आणि नंतर जोडायला विसरला. दुसऱ्याच दिवशी आजोबांनी मागचा गिअर टाकला. मी पुरता दाबला गेलो, पण वीज आलीच नाही. सांडलेल्या मिरच्या वेचायला वाकलेली स्तामेना धक्क्याने पडली. तिचे उजवे मनगट मोडले आणि पुढे वाकडेच जुळले.

“दिवा दिसला नाही तुला?” आजोबांनी खुणेने विचारले.

“लागलाच नव्हता,” तिने डाव्या हाताने सांगितले.

“कालच गॅरेजातून आणलीय गाडी! तुझंच लक्ष नव्हतं.”

तिने तोंड फिरवले. हातांनी बोलणाऱ्या माणसाने नजर काढून घेतली की बोलणेच संपते. गाडी गोठ्यात ढकलली गेली. दोन हिवाळे तिकडे कोणी फिरकले नाही. दोघांचाही दोष नव्हता, हे एकट्या मला ठाऊक होते, आणि मला वाचा नव्हती.

मग आजोबांची भाची दोन्का आली. ती शहरात बसगाड्यांच्या तारा दुरुस्त करते. गाडी बघायला ती खाली शिरली आणि ओरडली, “मामा, मामीला घेऊन या! तारा कापल्यात कोणीतरी. ही बघा टोकं!”

आजोबा गुडघ्यांवर बसून बघत राहिले. “म्हणजे ती खरं सांगत होती.”

“दोन वर्षं फुगून बसलात, मामा. पाच मिनिटं वाकायचं होतं!”

तिने टोके सोलली, नव्या तारेचे तुकडे जोडले, वर नळी चढवली आणि गरम पाइपापासून दूर बांधून टाकले. आजोबांनी छातीवर तळवा फिरवून स्तामेनाची माफी मागितली. ती गाडीमागे जाऊन उभी राहिली.

“नको, बाजूला हो!” आजोबांनी खुणावले. ती हलेना. शेवटी त्यांनी गिअर टाकला. माझ्या अंगातून वीज धावली.

दोन्का मोठ्याने म्हणाली, “मामी बाजूला झाली, मामा! वाकड्या हाताने तुम्हाला बोलावतेय. या मागे, सावकाश!”

मित्रांनो, आम्हा वस्तूंना हातांनीही बोलता येत नाही. आम्ही अडलो, तर घरच्या माणसावर रागावण्याआधी एकदा खाली वाकून बघा.