एकदा वाहिलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या निम्म्या कळांवरची अक्षरे पुसली गेली आहेत आणि सर्वांत लांब कळ दाबली की ती कुरकुरते. कारखान्यात मी शेकडो भावंडांबरोबर जन्मलो. त्यांतली काही बँकेत गेली, काही शाळेत. मी आलो झेरॉक्सच्या दुकानात, टायपिस्टकाकांकडे.

सुरुवातीला काका माझे फार कौतुक करत, रोज मऊ फडक्याने पुसत. पुढे कौतुक आटले आणि फटींमध्ये बिस्किटांचा चुरा वाढला. आमचे मुख्य काम म्हणजे लोकांचे बायोडेटा. त्यासाठी काकांनी एक नमुना करून ठेवला होता. त्यात प्रत्येक जण मेहनती, कॉम्प्युटरमध्ये तरबेज आणि वाचनाची आवड असलेला. काका फक्त नाव-पत्ता बदलत. वाचनाची आवड असलेल्या या मंडळींपैकी एकानेही ‘टेबलावर टेकू नये’ ही पाटी कधी वाचली नाही. मला या खोटेपणाचा कंटाळा आला होता, पण सांगता कोणाला?

एका संध्याकाळी एक मुलगी आली. हॉस्पिटलच्या औषधभांडारात मदतनीस हवी होती. लशींच्या फ्रिजवर लक्ष ठेवायचे, तापमान वेळच्या वेळी लिहायचे. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. याआधी पाच ठिकाणांहून तिला ‘अनुभव नाही’ म्हणून परत पाठवले होते. आईचे डोळे अधू झाल्यापासून घरचे शिवणकाम बंद होते, तेव्हा ही नोकरी तिला हवीच होती.

काकांनी नमुना उघडला. तो वाचून ती म्हणाली, “काका, मला कॉम्प्युटर नाही येत.”

“अगं, सगळेच लिहितात.”

“आणि विचारलं तर? तोंडघशी पडेन मी.”

“मग काय येतं तुला?”

“विशेष काही नाही,” असे म्हणून तिने तिसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिले.

“कुठे जायचंय का?”

“आमच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर लावून आलेय. सहाला बंद करायची, नाहीतर टाकी वाहते.”

“रोज तूच करतेस हे?”

“चार वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ. वेळा वहीत लिहून ठेवते, नाहीतर वरच्या मजल्यावरचे भांडायला येतात.”

काकांची बोटे माझ्यावर थबकली. त्यांनी नमुना बंद केला आणि कोरे पान उघडले. चार वर्षे, सोळा घरे, रोज दोन वेळा, नोंदवही. ‘टाकी एकदाही वाहू दिली नाही’ असे लिहिले तेव्हा तिने त्यांना अडवले.

“एकदा वाहिली होती. मला ताप होता.”

“ते कशाला लिहायचं? आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा?”

“मग ‘एकदाही’ पण नको. त्यानंतर मी तळमजल्यावरच्या आजींना मोटर बंद करायला शिकवलंय. मी नसले की त्या बघतात.”

काकांनी कपाळाला हात लावला, पण ‘ताप असताना टाकी एकदा वाहिली’ असेच लिहिले. कागद घेऊन ती घराकडे धावत सुटली.

आठवड्याने ती पुन्हा आली. भांडाराच्या प्रमुख बाईंनी बाकी सगळे सोडून त्याच ओळीवर बोट ठेवले होते. फ्रिज बंद पडला आणि नेमक्या तुम्ही आजारी असलात, तर काय कराल? तिने आजींची गोष्ट सांगितली. नोकरी मिळाली होती. मला इतका आनंद झाला की कळा असूनही तो सांगता येईना.

हल्ली काका येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, “सकाळी उठल्यापासून काय काय करतोस?” माझे काम चौपट वाढले आहे, आणि मला ते आवडते. मित्रांनो, उसन्या गुणांनी पान भरू नका. पदरी थोडे असले तरी ते आपले असू द्या. आणि आम्हा जुन्यांवरून अधूनमधून फडके फिरवत जा, एवढीच विनंती.

नोकरीची बातमी द्यायला आली होती त्या दिवशी जाताना त्या मुलीने बिल्डिंगच्या जिन्यात लावायला एक सूचना टाइप करून घेतली: ‘मोटर चालू-बंद करण्यासाठी माणूस हवा. अनुभव नसला तरी चालेल. तळमजल्यावरच्या आजी शिकवतील.’