मोहाखालची राख

लटारूच्या मानेमागची जखम चार इंच लांब होती आणि तिच्या कडा सरळ होत्या. प्रेत मोहाच्या झाडाखाली सापडलं होतं आणि ते तिथेच मी तपासलं होतं. मोहाची फुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात. त्या राखेत फक्त माणसांची पावलं होती. आठव्या दिवशी मी मूलच्या सरकारी दवाखान्यातून गावात येऊन वार कुऱ्हाडीचा आहे असा अहवाल सांगितला, तरी चावडीवर विद्वत्ता चालूच होती.

"वाघच होता," पोलीसपाटील गुणवंतराव म्हणाले.

"वाघ कुऱ्हाड घेऊन येते का जी?" चावडीवर बसलेला नानाजी हसला. "सोमारीनं करणी केली. आजच गावाबाहेर काढा तिले."

"करणीला तरी कुऱ्हाड कशाला लागते?" मी विचारलं.

"डाक्टरीनबाई, ते तुमच्या पुस्तकात नाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारी सोमारी गाठोडं घेऊन उभी होती.

लटारूची बायको मनकर्णा त्या पहाटे त्याच्यासोबतच मोह वेचत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. बाईला काय कळतं? आणि सासरच्या धाकानं तीही गप्प होती. आता ती उठली.

"तिले काऊन काढता? माह्या देरानं, त्यायच्याच भावानं मारलं त्यायले, त्या मोहाच्या झाडाच्या वाट्यासाठी. मी ठाण्यात जाऊन सांगतो."